आकुर्डी ते चाकण, दुचाकीवरून

आकुर्डीहून चाकणला दुचाकीवरूनच जावं, कारण या पट्ट्यातली कितीतरी घरं दुचाकीवर उभी राहिली आहेत. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि पुढे कित्येक वर्षं ती मिळायला नंबर लावून थांबावं लागे. २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डीतल्या कारखान्यात गाड्या बनणं थांबलं. आता त्याच आवारात विजेवर चालणारी चेतक तयार होते. पण काम २००७ च्या आधीच चाकणकडे सरकलं होतं. २००१ साली आलेली पल्सर चाकणचीच.

भाड्याची मोटारसायकल घेऊन मी त्याच दिशेने निघालो. स्पाइन रोडने मोशी, मग इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी. पुढे कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत चाकण गाठलं आणि आधी संग्रामदुर्गावर गेलो. डोंगराचा आधार नसलेला हा भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी थोड्याशा शिबंदीनिशी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तरी लढाई लगेच थांबली नाही. एवढी मोठी फौज या सपाटीवरच्या कोटासाठी का अडून बसली? कोकणातून घाट चढून जुन्नर, नगरकडे जाणाऱ्या वाटांवर चाकणची पकड होती. आजही तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता मुंबईकडचा माल पुण्यात न शिरता नगर रस्त्याला नेऊन पोचवतो. इथे कारखाने आले त्यात या रस्त्यांचा हात मोठा आहे. किल्ल्याची तटबंदी मात्र तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. ज्या गावाने देशाला एवढ्या गाड्या दिल्या, त्याने आपला खंदक तरी नीट जपावा, असं तिथे उभं राहिल्यावर फार वाटतं.

तिथून तळेगाव रस्त्याला लागलो. महाळुंगे जवळ आलं आणि क्लचची लिव्हर एकदम सैल पडली. वायर तुटली होती. कडेकडेने गाडी ढकलत एका पत्र्याच्या गॅरेजपर्यंत आणली.

"भाड्याची ना दादा?" मेकॅनिकने विचारलं. काळी नंबर प्लेट, पिवळी अक्षरं. त्याला एवढं पुरे होतं.

तुटलेलं टोक त्याने माझ्या हातावर ठेवलं. वायर लिव्हरपाशी, मुंडीजवळच तुटते, तो सांगू लागला. आतला एकेक धागा तुटत जातो, क्लच जड लागतो, पण गाडी रोज नव्या माणसाच्या हातात असली की ते कुणाच्या लक्षात येत नाही. नवी वायर ओवण्याआधी त्याने तिच्यात ऑइल सोडलं आणि बसवताना लिव्हरला किंचित ढील ठेवली. फार ताणली तर क्लच पुरता बसत नाही, प्लेटा घसरून जळतात.

तो परभणीकडचा. याच पट्ट्यातल्या एका कंपनीत कंत्राटावर होता. लाइनवर त्याच्याकडे एकच काम होतं, तेच शिफ्टभर. अख्खी गाडी तो या पत्र्याखाली शिकला. इथल्या लाइनवरून निघालेल्या केटीएमच्या छोट्या ड्यूक मोटारसायकली युरोपातल्या रस्त्यांवर धावतात, याचा मला अभिमान आहे. पण एवढं कसब शिकू शकणारा मुलगा कंत्राट संपलं म्हणून गेटबाहेर पडतो, हे मला सलतं. लाइनवर त्याच्या जागी दुसरा आला असेल; त्याला मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं.

"आता इथे स्वतःचं गॅरेज आहे," मी म्हणालो. "कंपनीने बोलावलं तर जाशील परत?"

"कायम करणार असतील तर उद्याच्या पहिल्या शिफ्टला जातो दादा," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीचं चाक खोलायला बसला.