ठकी

गेल्या रविवारी पहाटे आमची ठकी गेली. ठकी म्हणजे आमची कोंबडी. गावठी, तांबूस, एका पायाने किंचित लंगडी. कोंबडीवर काय लिहायचं, असं काहींना वाटेल. पाच वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

हे गेले त्या वर्षी शेजारच्या वहिनींनी ती आणून दिली. म्हणाल्या, "बाई, घरात काहीतरी हलतं-बोलतं असू दे." सकाळी कण्या टाकायला उशीर झाला की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मला हाका मारायची. हे गेल्यावर मला हाक मारून उठवणारं दुसरं होतंच कोण?

गेल्या वर्षी ती खुडूक बसली. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणून वहिनींकडची दहा अंडी तिच्याखाली ठेवली. एकवीस दिवस! दिवसातून एकदा उठायची, घाईघाईने दाणापाणी उरकून परत जागेवर. सगळीकडून सारखी ऊब मिळावी म्हणून चोचीने अंडी फिरवायची. आठ पिल्लं निघाली. छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण अशी बैठक काही मला जमली नाही.

कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. म्हणून दिवेलागणीला ती आपणहून खुराड्यात शिरायची. बाहेरून कडी लावायची, एवढंच माझं काम. शनिवारी संध्याकाळी नातवाचा फोन आला. खूप दिवसांनी तो भरभरून बोलत होता. बोलता बोलता रात्र झाली आणि कडी राहिली.

पहाटे कलकलाट ऐकून धावले, तोवर उशीर झाला होता. रानमांजर असावं, वहिनी म्हणाल्या. ठकी दाराशीच पडली होती. तिच्या दोन तलंगा मागे कोपऱ्यात थरथरत होत्या, पण जिवंत होत्या.

लेक म्हणाली, "आई, दुसरी आण. आणि मनाला लावून घेऊ नकोस." नातवाला मी कडीचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तो पुन्हा फोन करताना बिचकायला नको.

परसात शेवग्याखाली तिला पुरलं. तिने तिचं काम रोज चोख केलं, मी माझं एक दिवस चुकले. वर्गात मुलांना "एकदाच चुकलो बाई" म्हटल्यावर मी काय उत्तर द्यायची, ते आता आठवतं आणि लाज वाटते.

तलंगा अजून दिवेलागणीला आपणहून आत जातात. मी कडी लावते. रात्री दोनदा उठून पुन्हा बघून येते.

असो.