टाकीवरचा हात

गोटी फुटली तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. गनच्या खडखडाटात बारीक 'टक्' ऐकू आलं आणि उजव्या डोळ्याखाली काहीतरी चावल्यासारखं झालं. हात लावला तर बोटं रक्तानं भिजली. २००१ चा पावसाळा होता. कोल्हापूरच्या आयटीआयतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागलो होतो. मेस्त्रींनी नट खोलायची हवेची गन माझ्या हातात दिली त्याला महिनाही झाला नव्हता.

जीपच्या चाकाचा गंजलेला नट होता. गनची काळी गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, मिळेना, गिऱ्हाईक समोर उभं. म्हणून हातपान्याच्या पेटीतली चकचकीत गोटी मी गनला चढवली. बसली बरोबर. दोनदा ट्रिगर दाबला, तिसऱ्या वेळी तिचे तुकडे झाले. एक तुकडा डोळ्याच्या बोटभर खाली घुसला.

मेस्त्री मला दवाखान्यात घेऊन गेले. दोन टाके पडले. वाटेत ते चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर काळी गोटी आणि फुटलेल्या गोटीचे तुकडे शेजारी शेजारी मांडले. "हात लावून बघ," म्हणाले. काळीची भिंत जाड होती, दुसरीची पातळ. चकचकीत गोटी कडक पोलादाची असते. माणसाच्या हाताचा एकसारखा जोर तिला पेलतो. गनच्या आत मात्र हातोडी फिरते आणि मिनिटाला हजारावर ठोके देते. काळ्या गोटीचं पोलाद चिवट असतं. ती झिजते, क्वचित तडकते, पण सहसा काचेसारखी उडत नाही. मेस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "हिला जोर सोसतोय, ठोका सोसत न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून दोन चष्मे आणले. चष्मा नसेल तर हवा नाही, असा नियम झाला. फुटका तुकडा तारेत ओवून त्यांनी कॉम्प्रेसरशेजारी टांगला.

मेस्त्रींची सकाळची एक सवय होती. कॉम्प्रेसर भरून थांबला की ते गॅरेजच्या मधोमध स्तब्ध उभे राहायचे. आम्हालाही बोलू द्यायचे नाहीत. कुठल्याही सांध्यातून 'सूं' असा बारीक आवाज आला तर वीस फुटांवरून बोट दाखवायचे. तिथं साबणाचं पाणी लावलं की हमखास बुडबुडे यायचे. पाइप जोडणारा कपलर गळतोय म्हणजे उद्या तो सुटणार, हे त्यांचं गणित होतं. भरला पाइप सुटला की त्याचं लोखंडी टोक गॅरेजभर थैमान घालतं, माणसाचा जबडा मोडू शकतं. म्हणून आधी कॉक बंद करायचा, मग ट्रिगर दाबून पाइपातली हवा सोडायची आणि मगच कपलर काढायचा. हा क्रम त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतला, की आजही माझी बोटं तो आपसूक पाळतात.

एका शेजाऱ्यानं पैसे वाचवायला हवेची लाइन पीव्हीसी पाइपाची टाकली होती. मेस्त्री त्याला सांगून थकले. एका दुपारी ती फुटली. सुदैवानं माणसं जेवायला गेली होती. लाकडी फळीत रुतलेले पांढरे तुकडे मी पक्कडीनं उपटून पाहिले. पाण्याची लाइन फुटली की गळते. हवा दाबून भरलेली असते, ती एकदम पसरते आणि पाइपाचे तुकडे बरोबर घेऊन जाते. गाडीच्या टायरात ३० ते ३२ पीएसआय हवा असते. गन चालते ९० वर आणि टाकीत त्याहूनही जास्त असते. म्हणून रेग्युलेटरच्या मीटरवर मेस्त्रींनी ९० ला लाल रंगाची रेघ मारली होती.

दुसरा धडा माझ्याच हातून झालेल्या चुकीचा. गन चालवताना हाताला एक मस्ती येते. चाकाचे नट करकचून आवळले की काम पक्कं झालं असं मला वाटायचं. एक गिऱ्हाईक रत्नागिरीला निघालं होतं. आंबा घाटात गाडी पंक्चर झाली आणि मी आवळलेला नट त्यांच्या पान्यानं हलेना. पाना लांब करून जोर लावला तर नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला. भर पावसात, लहान पोरांसह ते चार तास घाटात अडकून पडले. परत आल्यावर ते रागावलेसुद्धा नाहीत, याचंच मला जास्त लागलं. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन मीटर जोर पुरतो. आमची अर्ध्या इंचाची गन त्याच्या पाचपट सहज देते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक टिकतं. हद्दीबाहेर ताणलेला स्टड तुटायची वाटच बघत असतो. तेव्हापासून खोलायला गन आणि शेवटचं आवळायला टॉर्कचा पाना. गिऱ्हाइकाला पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा नट तपासून घ्यायलाही सांगतो.

२००९ मध्ये मी स्वतःचं गॅरेज टाकलं. माझ्याकडच्या एका पोरानं एकदा हवेच्या डाय ग्राइंडरला चार इंची कटिंग डिस्क लावली. मी धावत जाऊन कॉक बंद केला. डिस्कवर १५,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली होती. ग्राइंडर मिनिटाला २२,००० फेऱ्या मारणारा. डिस्क फुटली असती तर तिच्या तुकड्यांना सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेग मिळाला असता. पोराला मी ते दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला लावले. संध्याकाळी अंगावरची धूळ हवेच्या नळीनं झटकायलाही माझ्याकडे बंदी आहे. कातडीवरच्या जखमेतून हवा आत शिरू शकते. मस्करीत सहकाऱ्याच्या अंगात हवा सोडल्यानं आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्याच देशातल्या आहेत. ब्रेकच्या ड्रमातली भुकटीही आम्ही फुंकत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. ती फुंकली की सरळ छातीत जाते.

एवढं सगळं मला शिकवणाऱ्या मेस्त्रींकडून एक गोष्ट मात्र सुटली. डोळे जपले, हात जपले, कान राहिले.

काही वर्षांपूर्वी ते माझ्या गॅरेजात आले होते. भिंतीवरचा एक सांधा गळत होता. मला लांबून ऐकू येत होतं आणि मेस्त्री त्याच्या अगदी खाली उभे होते. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. घरी नात बोलायची तेव्हाही असंच व्हायचं. "आवाज येतोय रं, पर शब्द कळंनात," म्हणाले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोंगाट आधी उंच पट्टीतलं ऐकणं खातो, असं डॉक्टर म्हणाले. पोरांचे आवाज, शब्दांतले 'स' आणि 'श', हवेची 'सूं' हे सगळं त्याच पट्टीतलं. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हवेची गन तेवढी सहज वाजते. मेस्त्रींनी ती तीस वर्षं चालवली होती. गेलेलं ऐकणं परत येत नाही. कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत हा बहिरेपणा आहे, पण चार माणसांच्या गॅरेजची नोंद कोण घेतो?

गोटी फुटली तर रक्त येतं, माणूस त्यातून शहाणा होतो. कानातून रक्त येत नाही, म्हणून कुणी थांबवत नाही. मेस्त्रींना कुणी थांबवलं नाही. मीही नाही, आणि मी रोज त्यांच्या शेजारी उभा होतो.

त्याच आठवड्यात मी कानावरचे चार मफ आणले आणि गनच्या खुंटीवरच टांगले. मफ उचलल्याशिवाय गन हाताला येत नाही. सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली. आता नवा पोरगा आला की जुनेच त्याला सांगतात. कॉम्प्रेसर मागच्या खोलीत हलवला. मेस्त्रींनी दिलेला तो फुटका तुकडाही तिथंच टांगला आहे.

मेस्त्री अजून अधूनमधून संध्याकाळी येतात. काम संपलं की मी कॉम्प्रेसर बंद करून टाकीखालचा कॉक उघडतो. पावसाळ्यात आधी तांबूस पाणी येतं, तेच टाकी आतून गंजवतं. मग हवा सुटते. पूर्वी तो आवाज संपला की मेस्त्री लांबूनच मान हलवायचे. आता ते उठून जवळ येतात आणि तळहात टाकीवर ठेवतात. हवा निघत असते तोवर पत्रा थरथरतो. ते डोळे मिटून उभे राहतात. थरथर थांबली की हात काढून घेतात आणि म्हणतात, "झालं. ओढ आता शटर."