दार कोणी उघडले?

चर्चच्या कचेरीत संगणक आला, तेव्हा आम्ही त्याला टंकलेखन यंत्राचा धाकटा भाऊ समजलो. परंतु टंकलेखन यंत्रातील कागद परक्या मुलखात बसलेला माणूस कुलूपबंद करू शकत नाही, संगणकातील करू शकतो. हा फरक ध्यानात येण्यास आम्हांला 2019 सालचा आगमनकाळ उजाडावा लागला.

नाताळाच्या धांदलीत एका सकाळी ईमेलने मेणबत्त्यांचे बिल आले. मेणबत्त्या आम्ही मागवल्या होत्याच. त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता न पाहता ते उघडले. मजकूर दिसण्यासाठी एक बटण दाबावे, अशी सूचना होती, तेही दाबले. पान कोरेच राहिले. आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास निघून गेलो. दुपारी युवक मंडळाचा एक मुलगा पेनड्राइव्हमधून नाताळगीते छापून घेऊन गेला. सायंकाळी पाहतो तो फाइलींची नावे बदललेली, एकही उघडेना आणि पडद्यावर खंडणीची मागणी!

आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले आणि चार माणसांदेखत म्हणालो, "कुठली कुठली घाण घेऊन येतोस रे?"

"फादर, मी फक्त गाणी छापली," एवढे बोलून तो मान खाली घालून गेला. पुढच्या दोन्ही रविवारी गायकवृंदात त्याची जागा रिकामी होती.

दरम्यान, संगणकाचे जाणकार असलेले आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ तपासणीस आले. ते शांतपणे म्हणाले, "फादर, पहिली फाइल अकरा वाजता बदलली आहे. मुलगा आला तीन वाजता." बिलाच्या वेषातील त्या कागदात एक छुपी आज्ञावली होती आणि ते बटण दाबून आम्हीच तिला आत येण्याची परवानगी दिली होती. मुलाने काही आणले नव्हते. उलट आमच्या संगणकाने त्याच्या पेनड्राइव्हमधील गाणीही कुलूपबंद केली होती.

खंडणी आम्ही दिली नाही. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याची शाश्वती नसते आणि त्या पैशाने पुढच्या घरावर दरोडा पडतो. परंतु एका निवृत्त गुरुजींनी दोन वर्षे खपून तयार केलेली बाप्तिस्म्यांची सूची गेली ती गेलीच. तिची प्रत होती; पण ती ज्या डिस्कवर होती, ती रात्रंदिवस त्याच संगणकाला जोडलेली असे. चोराने दोन्ही एकाच फेरीत लुटले.

मूळ नोंदवह्या मात्र लोखंडी कपाटात सुखरूप होत्या. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. पुढे कॅनन लॉच्या 1917 च्या संहितेने त्या वह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कार्यालयात पाठवण्यास सांगितले. एक प्रत दुसऱ्या छपराखाली असावी, हे शहाणपण सेमिनरीत शिकूनही आम्ही संगणकापुढे बसताच विसरलो.

वाचक बंधुभगिनींनो, घरोघरी आता संगणक आणि मोबाइल आहेत, म्हणून थोडे सांगतो. अनपेक्षित बिल वा निरोप आला, तर उघडण्यापूर्वी आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. संगणक 'अपडेट' मागतो तेव्हा 'नंतर' म्हणू नये. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर किड्याने इंग्लंडमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिली होती. वायफायच्या यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. आमच्या वायफायचा पासवर्ड तर सभागृहाच्या फलकावर लावलेला होता! एकच पासवर्ड सर्वत्र वापरू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणुकीने पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे.

तिसऱ्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो, त्याच चार माणसांना सोबत घेऊन. क्षमा मागताना जीभ जड झाली. प्रायश्चित्तावर इतकी प्रवचने दिली, पण एका विशीतल्या पोरासमोर "चूक माझी होती" म्हणणे त्या सगळ्यांहून कठीण गेले. तुझी गाणीही आमच्यामुळे गेली, असे म्हटल्यावर तो संकोचून म्हणाला, "फादर, त्यांची दुसरी प्रत घरी होती."

गुरुजींनी सूचीचे काम पुन्हा पहिल्या पानापासून आरंभिले. दर शनिवारी तो मुलगा डिस्क जोडतो, प्रत घेतो, डिस्क काढतो आणि साक्रिस्तीतल्या कपाटात कुलपात ठेवतो. किल्ली त्याच्याकडेच असते.