पडद्याआडची झडती

चांदूर नांवाचीं दोन गांवें आमच्या अमरावती जिल्ह्यांत आहेत. एकास जुन्या आगगाडीचा मार्ग लाभला, म्हणून तें चांदूर रेल्वे म्हणवूं लागलें. आमच्या वांट्यास बाजार आला, म्हणून आमचें तें चांदूर बाजार. आतां नरखेडाहून अमरावतीस जाणारा नवा लोहमार्ग आमच्याही शिवारांतून गेला आहे आणि आमच्या गांवासही स्टेशन आहे. पण नांवें एकदां पडलीं कीं पडलीं. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ, भोंवतीं संत्र्यांच्या बागा, मधून मधून कपाशीचीं शेतें, आणि बाजाराच्या दिवशीं चहूंकडून लोटणारा माणसांचा पूर: ज्यास एवढें पिढ्यानुपिढ्या पुरलें त्यास विमानाचें काय अगत्य, असें वाचक विचारतील. आम्हीही तसेंच विचारीत होतों.

परंतु १६ एप्रिल २०२५ रोजीं बडनेऱ्यापलीकडे बेलोऱ्याचा विमानतळ उघडला आणि अमरावतीहून मुंबईस विमान जाऊं लागलें. येथें एक गंमत सांगावयास हवी. बेलोरा नांवाचें एक खेडें आमच्या तालुक्यांतही आहे. तेव्हां ‘बेलोऱ्याहून विमानानें निघणार’ असें आम्हीं सांगितलें कीं ऐकणारा क्षणभर आमच्याकडे पाहात राही, व ‘तिथें कधीं झालें हो विमान?’ असें विचारी. आमच्या वहिनींची लेक समुद्रापलीकडे एका मोठ्या शहरीं राहते. तिनें आईस बोलावून चार वर्षें झालीं होतीं. ‘घराजवळ विमान आलें तर येईन,’ असें वहिनी तिला थट्टेनें म्हणत. तें खरेंच आलें, आणि वहिनींस शब्द पाळावा लागला.

वहिनी सत्तरीच्या आहेत. आमचे थोरले बंधू निवर्तल्यापासून वाड्याचा सर्व कारभार त्यांच्याच हातीं आहे. निघण्यापूर्वीं त्या माधानास जाऊन आल्या. माधान हें आमच्या तालुक्यांतील गांव प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराजांमुळें प्रसिद्ध आहे. १८८१ सालीं जन्मलेल्या ह्या सत्पुरुषाची दृष्टि तान्हेपणींच गेली, तरी १९१५ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं केवढें थोर ग्रंथभांडार उभें केलें हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगणें नको. वहिनींनीं तेथील अंगारा पुडींत बांधून घेतला. सोबतीस आम्ही आणि आमचा सोळा वर्षांचा नातू असे तिघेंच निघालों.

येथें एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती लिहिण्यास वहिनींची परवानगी आहे. ‘लिहा भाऊजी, पण माझें नांव घालूं नका,’ एवढेंच त्या म्हणाल्या. नऊ वर्षांपूर्वीं नागपुरास त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली व एक स्तन काढून टाकावा लागला. तेव्हांपासून त्या चोळीच्या आंत आपल्या हातानें शिवलेली कापसाची एक लहानशी गादी ठेवतात. हें घरांत त्यांची लेक आणि आमचें कुटुंब यांखेरीज कोणासही ठाऊक नव्हतें. शस्त्रक्रिया झाली हें आम्हांस माहीत होतें. पण कसली, तें पुरुषांनीं विचारलें नाहीं व स्त्रियांनीं सांगितलें नाहीं. वीस माणसांच्या वाड्यांत एवढें गुपित नऊ वर्षें टिकलें, हें ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत त्यांस नवल वाटावयाचें नाहीं. अशा घरांत दारें थोडीं असतात, म्हणून माणसें नजर वळविण्यास शिकतात.

बेलोऱ्यास झडतीची रीत साधी होती. पुरुषांची रांग निराळी, स्त्रियांची निराळी. धातु ओळखणाऱ्या चौकटींतून आंत जावयाचें, आणि मग स्त्रियांनीं पडदा लावलेल्या एका लहानशा खोपट्यांत शिरावयाचें. तेथें गणवेशांतील एक बाई हातांतील यंत्र अंगावरून फिरवी व हातानें चांचपून पाही. वहिनी आंत गेल्या, आणि अर्ध्या मिनिटांत बाहेर आल्या. त्यांनीं कानांत कांहीं सांगितलें असावें, कारण ‘बरं आजी, या,’ एवढे शब्द तेवढे आम्हांस ऐकूं आले. मुंबईसही असेंच झालें. त्या पडद्याची आम्हांस त्या वेळीं किंमत कळली नाहीं. उलट, ‘अजून हें हातानें चांचपणें चालूंच आहे, तिकडे कसें यंत्र झटकन् पाहून घेतें,’ असें आम्हीं नातवास मोठ्या जाणतेपणानें सांगितलें, याची आज लाज वाटते.

तें यंत्र आम्हीं परतीच्या प्रवासांत पाहिलें. कोणत्या शहरीं, तें सांगत नाहीं. कांचेची एक उभी कोठी असते. तींत पायांच्या खुणांवर उभें राहून दोन्ही हात डोक्यावर धरावयाचे, आणि क्षणभर स्तब्ध राहावयाचें. पांढऱ्या लुगड्यांतील वहिनी हात वर करून उभ्या राहिल्या, तेव्हां आमच्या पोटांत उगीचच कालवलें. बाहेरच्या लहान पडद्यावर माणसाची एक बाळबोध आकृति उमटली, आणि तिच्या छातीवर एक पिंवळा चौकोन दिसूं लागला.

तेथें असलेली पहारेकरीण उद्धट होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तिनें कर्तव्य म्हणून विचारलें. पण विचारलें मोठ्यानें, सर्वांसमक्ष, आणि इंग्रजींत. वहिनींस इंग्रजी येत नाहीं. त्यांनीं मागें वळून पाहिलें. आम्ही अद्याप पलीकडे पादत्राणें काढीत होतों. जवळ होता तो नातू. ‘छातीशीं काय ठेवलें आहे?’ हा प्रश्न आपल्या मोठ्या आजीस मराठींत विचारण्याचें काम त्या सोळा वर्षांच्या मुलावर आलें. त्याचे कान तांबडे झाले. त्यानें कसेंबसें विचारलें. वहिनींनीं त्याच्याकडे पाहिलें, मग जमिनीकडे, आणि शांतपणें उत्तर दिलें. तें उत्तर पुन्हा इंग्रजींत करून सांगणेंही त्यालाच भाग पडलें. पहारेकरणीनें हातमोजा चढविला, उलट्या हातानें तेथेंच चांचपलें, ‘आभारी आहे’ म्हटलें, आणि पुढच्या माणसास खूण केली. विमानांत बसल्यावर तीन तास कोणी बोललें नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं ह्या यंत्राचा इतिहास वाचून काढला; माणसाचा राग वाचल्यानें थोडा निवळतो. २५ डिसेंबर २००९ रोजीं आम्सटरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानांत एका तरुणानें अंतर्वस्त्रांत शिवून आणलेलें स्फोटक पेटविण्याचा यत्न केला. धातूची चौकट तें ओळखूं शकली नव्हती, कारण त्यांत ओळखण्याजोगी धातु नव्हती. सहप्रवाशांनीं त्यास धरलें म्हणून सर्वांचे प्राण वांचले. त्यानंतर अमेरिकेंत हीं यंत्रें झपाट्यानें बसलीं. कांहीं सौम्य क्ष-किरणांवर चालत, कांहीं मिलिमीटर लहरींवर. ह्या लहरी वस्त्रांतून पार होतात व त्वचेवरून परततात, शरीरांत शिरत नाहींत. प्रारंभीं ह्या यंत्रांतून माणसाचें जवळजवळ विवस्त्र चित्र निघे, आणि दुसऱ्या खोलींत बसलेला कोणी तें पाही. लोक खवळले. ‘चित्रें सांठविलीं जात नाहींत’ असें आश्वासन विमानतळांविषयीं देण्यांत येत असतांच, फ्लॉरिडांतील एका न्यायालयाच्या दारीं बसविलेल्या अशाच यंत्रानें पस्तीस हजारांवर चित्रें सांठविल्याचें २०१० सालीं उघडकीस आलें. अखेर कायदा झाला, आणि २०१३ पासून तेथील विमानतळांवर प्रवाशाच्या चित्राऐवजीं सर्वांस एकच अशी ती बाळबोध आकृति दिसूं लागली. ज्या क्ष-किरण यंत्रांस हें साधेना तीं काढून टाकलीं. युरोपानें २०११ सालींच क्ष-किरणांचीं यंत्रें नाकारलीं, व ज्यास यंत्र नको त्यास दुसऱ्या रीतीनें झडती देण्याची मोकळीक ठेवली. आपल्याकडेही २०१९ सालीं ८४ विमानतळांवर अशीं यंत्रें बसविण्याचा हुकूम निघाला. वर्षभरांत व्हावयाचें तें काम मात्र लांबत गेलें.

म्हणजे यंत्र सुधारलें. वहिनींचें शरीर कोणास दिसलें नाहीं. दिसला तो केवळ एक पिंवळा चौकोन. तरीही त्या उघड्या पडल्याच. हें कसें झालें, याचा विचार करतां करतां आम्हांस आमच्या पणजीची गोष्ट आठवली.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला, आणि आगगाडीच्या उतारूंस फलाटावर उभें करून तपासण्याचा अधिकार अंमलदारांस मिळाला. काखेंत, जांघेंत, मानेस गांठ आहे कीं काय तें हातानें पाहात. रोग खोटा नव्हता; माणसें पटापट मरत होतीं, हें विसरून त्या तपासणीविषयीं बोलणें अन्यायाचें होईल. आमची पणजी त्या वर्षीं आजोबांस कडेवर घेऊन पुण्याहून वऱ्हाडांत येत होती. वाटेंत दोनदां तपासणी झाली. पहिल्या ठिकाणीं कनात लावलेली होती व आंत डॉक्टरीणबाई होती. दुसऱ्या ठिकाणीं कनात नव्हती, बाईही नव्हती. होता तो एक घाईंत असलेला पुरुष, आणि पाहात उभी असलेली सारी रांग. तपासणी तीच, काख तीच. पण पणजी मरेपर्यंत बोलत असे ती दुसऱ्या स्टेशनाविषयीं. त्याचें नांवही ती घेत नसे. ‘तें स्टेशन’ म्हणे. पहिल्याविषयीं विचारलें तर, ‘ती बाई बरी होती, तिचे हात ऊन होते,’ एवढेंच सांगे.

पुण्यास त्याच वेळीं गोऱ्या सोजिरांनीं घरांत शिरून जी झडती चालविली तिचा शेवट वाचकांस ठाऊकच आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. अंमलदारांस वाटे, लोक अडाणी आहेत म्हणून तपासणीस भितात. लोकांचा तपासणीसच विरोध होता असें आम्हांस वाटत नाहीं. स्वयंपाकघरापर्यंत चालत आलेल्या बुटांस होता, आणि बायकांस रस्त्यावर उभें करण्यास होता.

तेव्हां हातानें तपासावें कीं यंत्रानें, हा वाद आम्हांस आतां गौण वाटतो. बेलोऱ्याच्या पडद्याआड एका अनोळखी बाईनें वहिनींस प्रत्यक्ष स्पर्श केला आणि त्यांस कांहींच वाटलें नाहीं. कांचेच्या कोठींत कोणीं स्पर्शही केला नव्हता तोंच त्यांचें नऊ वर्षांचें गुपित गेलें. आमचे एक विद्वान स्नेही म्हणतात, ‘शेंकडों माणसांचा जीव एका बाजूस आणि एका बाईचा संकोच दुसऱ्या बाजूस, तराजू काय सांगतो?’ आम्ही म्हणतों, हा तराजूच खोटा आहे. पडद्याआड तीच गादी तितकीच नीट तपासली गेली असती. विमान सुरक्षित राहण्यास वहिनींचें उत्तर रांगेस ऐकूं येणें लागत नव्हतें, व तें नातवानें ऐकणें तर मुळींच नव्हतें.

ह्यांत आमच्या मनास सर्वांत लागलें तें पुढेंच. नियम वाचतां कळलें कीं तेथें पडदा होता! प्रवाशानें मागितल्यास निराळ्या खोलींत, सोबतीचें माणूस घेऊन झडती देण्याची सोय होती, आणि तशी पाटीही भिंतीवर होती म्हणे. पाटी इंग्रजी. म्हणजे ज्यास ती वाचतां येते, ज्यास चारचौघांत ‘मला निराळी खोली हवी’ म्हणण्याचा धीर आहे, त्याची लाज सुरक्षित. आणि वहिनींसारखीची नाहीं. बेलोऱ्यास त्यांस कांहीं मागावें लागलें नाहीं. तेथें चौकट जुनी होती, यंत्र साधें होतें, पण पडदा आधींच लावलेला होता. उद्यां तेथें नवें यंत्र येईल, यावेंही. स्फोटक आणणारा अमरावतीहून निघणार नाहीं असें कोणी लिहून दिलेलें नाहीं. मात्र यंत्र आल्यावर ‘आतां ह्या खोपट्याचें काय काम’ म्हणून कोणी तो पडदा काढूं नये, एवढी आमची भीति आहे. यंत्र संशय दाखवितें. संशयाचें निरसन पुढें माणूसच करतो, आणि पडदा तेथें लागतो.

बेलोऱ्याहून गांवीं येतांना नातवानें मूळ गोष्ट वगळून त्या यंत्राचें वर्णन मोटार हांकणाऱ्यास केलें. तो आमच्याच गांवचा. तो म्हणाला, “मशीनले कायची लाज, बाबासाहेब? थे पाहाते अन् इसरून जाते. मानूस नाई इसरत.” पस्तीस हजार चित्रांची गोष्ट तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हती, नाहीं तर यंत्रेंही विसरत नाहींत असें त्यास सांगितलें असतें. पण त्याच्या म्हणण्याच्या दुसऱ्या अर्ध्यास आजही उत्तर नाहीं. नातू कित्येक दिवस मोठ्या आजीसमोर जेवावयास बसेना. अखेर वहिनींनींच त्यास बोलावलें, कापूस पिंजावयास समोर बसविलें, आणि नवी गादी त्याच्यासमक्ष शिवली. काय बोलणें झालें तें आम्हांस माहीत नाहीं. आम्ही ओसरीवर होतों व आंत पाहिलें नाहीं.

पुढल्या उन्हाळ्यांत लेकीकडे पुन्हा जावयाचें आहे. नातवानें पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर इंग्रजींत चार ओळी लिहून दिल्या आहेत, कीं ह्या बाईंवर शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांची झडती पडद्याआड स्त्रीनें घ्यावी व सोबत घरचें स्त्रीमाणूस असूं द्यावें. ह्या वेळीं आमचें कुटुंब बरोबर जाणार आहे. तो कागद वहिनींनीं माधानच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारीं बटव्यांत ठेवला आहे. इंग्रजी ओळींखालीं त्यांनीं एक मराठी ओळ लिहून घेतली. ती कशाला, असें आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, “भाऊजी, वरची बाजू कोणती तें मला कळायला नको?”