दुसरं टेम्परिंग

डायकास्टिंगची डाय अकाली तडकली की पहिला प्रश्न येतो, ‘हार्डनेस किती होती?’ भोसरीत हीट ट्रीटमेंटचं काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकतो आणि दर वेळी मनातून अस्वस्थ होतो. चलनावर एवढंच लिहिलेलं असतं: एच१३, ४६ ते ४८ एचआरसी. डाय परत गेली की रॉकवेल मशीनवर हिऱ्याचं टोक टेकतं, आकडा जमला की माल पास. डायच्या पोटात काय घडलंय, ते त्या आकड्याला दिसत नाही.

एच१३ या टूल स्टीलमध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन, ५ टक्के क्रोमियम, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. व्हॅक्यूम भट्टीत ते १०२०-१०३० अंश सेल्सिअसला नेलं की कार्बन ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे तापलेल्या स्टीलच्या रचनेत, विरघळतो. मग दाबाखालचा नायट्रोजन सोडून झपाट्याने गार करायचं. सावकाश गार झालं तर कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतात आणि पुढे तडा त्याच वाटेने धावतो. फार घाई केली तर डाय वाकते, क्वचित तिथेच फुटते. म्हणून मोठ्या डायला ४०० ते ४५० अंशांच्या दरम्यान थोडं थांबवतात, गाभा पृष्ठभागाला गाठेपर्यंत. गाभ्याचं तापमान कळायला थर्मोकपल डायमध्येच खोचलेलं हवं. भट्टीचा मीटर ते सांगत नाही.

एवढं करूनही गार होताना सगळ्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट, म्हणजे कठीण रचना, होत नाही. थोडं शिल्लक राहतंच. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या पहिल्या टेम्परिंगमध्ये, म्हणजे डाय पुन्हा तापवताना, मार्टेन्साइटचा ताण उतरतो, त्यात बारीक कार्बाइड तयार होतात. पण त्याच वेळी उरलेल्या ऑस्टेनाइटमधूनही कार्बन बाहेर पडतो, ते अस्थिर होतं, आणि डाय गार होताना त्याचं मार्टेन्साइट बनतं. हे मार्टेन्साइट कोरं असतं, टेम्परिंग न झालेलं, काचेसारखं ठिसूळ. पहिल्या टेम्परिंगनंतर हार्डनेस बरोबर आली तरी ते आत बसलेलंच असतं. त्याच्यासाठी दुसरं टेम्परिंग, आणि तेही डाय हात लावण्याइतकी निवल्यानंतरच. अर्धवट गरम डाय पुन्हा भट्टीत घातली, तर जे अजून बदललेलंच नाही त्याला टेम्पर कसं करणार?

नेमकी इथेच घाई होते. ‘आकडा आला ना, मग द्या की,’ असा फोन येतो, कारण प्रेस थांबलेली असते. मी देत नाही. माझ्या मते आमच्या धंद्यातला खरा प्रामाणिकपणा या न दिसणाऱ्या तासांत असतो. इलेक्ट्रोस्लॅग पद्धतीने शुद्ध केलेलं महाग स्टील नक्कीच अधिक एकजिनसी असतं. मीही ते सुचवतो. पण टेम्परिंगचा एक फेरा वाचवला, तर त्यावर खर्च केलेला पैसा त्या भट्टीतच जळतो.

पुढची परीक्षा प्रेसवर. साडेसहाशे-सातशे अंशांचं वितळलेलं ॲल्युमिनियम येतं, लगेच पाण्यातल्या वंगणाचा फवारा बसतो, पुन्हा ॲल्युमिनियम. पृष्ठभाग फुगतो, आकसतो, आणि कालांतराने बारीक भेगांची जाळी उमटते. ती कायमची टाळता येत नाही, लांबवता येते. पहिल्या शॉटआधी डाय २०० अंशांच्या आसपास तापवून घेणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. आतल्या कोपऱ्यांना पुरेशी त्रिज्या देणं डिझाइनरच्या हातात आहे. धारदार कोपऱ्याला आमची भट्टी वाचवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट टूलरूमवाल्यांसाठी. स्पार्क मशीनवर काम झालेल्या जागी वितळून गोठलेला पातळ पांढरा थर राहतो, त्यात आधीच सूक्ष्म तडे असतात. तो दगडाने घासून पूर्ण काढावा, आणि मग डाय शेवटच्या टेम्परिंगपेक्षा सुमारे ३० अंश कमी तापमानावर एकदा तापवून घ्यावी. त्या तापमानाची बॅच लागेपर्यंत थांबायची तयारी असेल, तर खर्चही फारसा येत नाही.