खाणें, गाणें आणि राजकारण

राजकारण, खाणें आणि गाणें या तीन विषयांवर ज्याला मत नाहीं, असा मनुष्य आम्हांला पुण्यांत अद्याप भेटावयाचा आहे. हे तिन्ही विषय एका बैठकींत हाताळावयाचे, तर डिसेंबरांतील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारखें दुसरें ठिकाण नाहीं. भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं हा उत्सव सुरू केला. रात्रभर चालणाऱ्या त्याच्या बैठका ध्वनिवर्धकाच्या नियमांमुळें पुढें आखडल्या, आणि २०१८ सालीं तो रमणबागेंतून उठून मुकुंदनगरांत गेला. परंतु खाण्याच्या स्टॉलपाशीं भरणारी दुसरी मैफल मात्र कोठेंहि गेली तरी तशीच रंगते. तिला निवेदक लागत नाहीं, आणि साथीला तळणीचा चुरचुराट पुरतो.

या दुसऱ्या मैफलींत आमचा शाळेपासूनचा एक सोबती आणि आम्ही अशी जोडी पुष्कळ वर्षें हजेरी लावीत आलों आहों. तो शिवसेनेचा जुना कार्यकर्ता. आम्ही कोणाचेच नव्हे, अर्थात् सर्वांची टवाळी करण्यास मोकळे. २०१९ चा डिसेंबर तर आम्हांला पर्वणीच वाटला. २३ नोव्हेंबरला महाराष्ट्र झोपेंतून उठतो तों देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झालेले. २६ तारखेस दोघांचेहि राजीनामे. आणि २८ तारखेस उद्धव ठाकरे यांचा शपथविधि! दोन आठवड्यांनीं थालीपिठाची बशी मध्यें ठेवून आम्हीं विचारलें, "कां रे, तो पहाटेचा शपथविधि भैरव म्हणावयाचा कीं भैरवी?"

थालीपिठावर लोणी पसरीत त्यानें शांतपणें उत्तर दिलें, "भैरवीच. तीन दिवसांत मैफल आटोपली ना!"

शेजारचे अनोळखी गृहस्थहि हंसले आणि स्वतःचें मत ऐकविण्यासाठीं त्यांनीं खुर्ची जवळ ओढली. आंत तंबोरे जुळूं लागले, तेव्हां वाद अर्धवट टाकून सारेच उठलों.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षीं करोनामुळें उत्सव भरला नाहीं. बाहेरचें खाणें सुटलें, गाणें ज्यानें त्यानें आपल्या खोलींत एकट्यानें ऐकावयाचें झालें. राजकारण मात्र हातांतील फोनवर अहोरात्र चालूं राहिलें. जून २०२२ मध्यें शिवसेना फुटली. एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार आधीं सुरतेस, मग गुवाहाटीस गेले, आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. त्या दिवसांत खोक्यांवर आणि गुवाहाटीच्या झाडी-डोंगरांवर विनोदांचा नुसता पूर आला होता. आम्हींहि त्यांतले पांचसहा सोबत्याकडे धाडले. एकाचेंहि उत्तर आलें नाहीं. कट्टर मनुष्य, रागावला असेल, असें म्हणून आम्हीं आणखी दोन धाडले.

त्या डिसेंबरांत महोत्सव पुन्हा भरला. सोबती नेहमींच्या जागीं, परंतु एकटाच बसला होता. आम्हीं बशी नेऊन त्याच्यासमोर ठेवली. बराच वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "तुझे विनोद वाचले. वाईट नव्हते. पण त्याच आठवड्यांत आमचा धाकटा तिकडे गेला. एका घरांत राहतों, आणि जेवायला वेगवेगळ्या वेळीं बसतों. आई दोनदां पानें वाढते."

आमच्या हातांतला घांस हातांतच राहिला. आम्हांला जें तोंडीं लावणें वाटलें, तें त्याच्या घरांतलें सारें जेवणच नासवून गेलें होतें. आमचा विनोद २०१९ सालीं जितका तिखट होता तितकाच आतांहि होता. परंतु तेव्हां तो समोर बसलेल्या माणसाचें तोंड पाहून केलेला होता. तबलजीनें गायकाकडे पाठ करून ठेका धरला, तर हात कितीहि तयार असो, गाणें बुडतेंच. केशकर्तनालयांतून 'येथें राजकीय चर्चा करूं नये' अशा पाट्या आढळतात. त्या तेथून काढून प्रत्येकाच्या फोनवर लावाव्या, असें आम्हांला त्या दिवशीं वाटलें. न्हाव्याला निदान गिऱ्हाइकाचा चेहरा आरशांत दिसत असतो.

क्षमा कशी मागावी हें न सुचून आम्हीं एवढेंच म्हटलें, "उद्यां धाकट्याला घेऊन ये. गाण्याला तरी येईल."

तो आला, उशिरां आला. स्टॉलपाशीं आम्ही तिघे उभे राहिलों. तिखट जास्त झालें आहे, थंडी यंदा कमी आहे, गायकाचा आवाज अजून तापला नाहीं, यापलीकडे कोणी कांहीं बोललें नाहीं. राजकारणाचा शब्दहि निघाला नाहीं.

पुढल्या वर्षीं मात्र निघाला. आणि कोणत्याच पक्षांत नसणारा मनुष्य किती भ्याड असतो, या मुद्द्यावर दोघे भाऊ एक होऊन आमच्यावर तुटून पडले. त्या दिवशींचें थालीपीठ आम्हांला फार गोड लागलें.