काटा शून्यावर

शून्याचे दोन अर्थ असतात. लाइन मेलीय, नाहीतर मीटर मेलंय. काटा दोन्ही वेळेला त्याच जागी पडून राहतो. फरक कळतो तो हात घातल्यावर, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

आमच्या सूतगिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात दोन मीटर आहेत. आकड्यांचं नवं मीटर कायम वायरमनच्या कपाटात, कुलपात. काट्याचं जुनं मीटर रातपाळीच्या हेल्परकडं. हेल्पर ठेक्यावरचा, एकोणीस वर्षांचा, आमच्याच गल्लीतला. कपाटाची चावी दिवसपाळीबरोबर घरी जाते. म्हणजे रात्री रिंग फ्रेमचं पॅनल उघडायचं झालं तर दोन फेजमधले चारशेच्या आसपासचे व्होल्ट या जुन्या डब्याच्या भरवशावर. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडं डबा घेऊन आला. म्हनला, "दादा, ह्यो काटा एसीवर हालतच न्हाई. सॉकेटात घातला तरी शून्य. तितंच पंखा लावला तर फिरतोय."

पंखा होता म्हणून कळलं. पॅनलमध्ये पंखा नसतो.

मी वायरमन नाही. मी साच्यावर तुटलेले धागे जोडतो. पण रद्दीवाल्याकडनं आणलेलं रेडिओ दुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक माझ्यापाशी आहे, कव्हर नसलेलं, आणि ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय. कविताही तशीच शिकलो, कुणी शिकवली नाही. आमच्यातले काही कवी ओळीओळीत वीज कडाडवतात. त्यांनी एकदा 230 व्होल्टला बोट लावून बघावं, उपमा बदलेल.

ह्या जातीच्या मीटरचा जुना पूर्वज म्हणजे आव्होमीटर. 1923 सालचा, इंग्लंडातला. डोनाल्ड मॅकाडी नावाचा पोस्ट खात्यातला इंजिनिअर, करंट मोजायला एक यंत्र, व्होल्टला दुसरं, ओहमला तिसरं, अशी ओझी वाहून वैतागला आणि त्यानं तिन्ही एका पेटीत कोंबली. अँपिअर, व्होल्ट, ओहम, म्हणून आव्हो. त्या घराण्यातली मीटरं 2008 पर्यंत बनत होती. आमचं मीटर त्या कंपनीचं नाही. पण पोटात तेच: लोहचुंबकात टांगलेली तारेची गुंडाळी, केसासारखी स्प्रिंग, आणि काटा. तबकडीवर लिहिलंय, डीसीला व्होल्टमागं 20,000 ओहम. म्हणजे काटा टोकापर्यंत न्यायला फक्त 50 मायक्रोअँपिअर करंट पुरतो.

उघडायच्या आधी विचार केला. नवा सेल डीसीवर लावला, काटा दीडच्या जरा पुढं गेला. नऊ व्होल्टची बॅटरी लावली, तीही बरोबर. म्हणजे गुंडाळी जिवंत, वायरी जिवंत. ओहमच्या रेंजवर दोन्ही काड्या टेकवल्या, काटा शून्य ओहमवर आला. आतला सेलही चांगला. आंधळं काय, तर फक्त एसी, आणि तेही सगळ्या रेंजला. प्रत्येक रेंजचा रेझिस्टन्स वेगळा, सगळे एकदम कसे जळतील? दुखणं सगळ्यांच्या सामाईक वाटेवर हवं. काट्याला एसी समजत नाही. एसी एका सेकंदात पन्नास वेळा इकडून तिकडं जाऊन येते, काटा बिचारा जागच्या जागी थरथरणार. म्हणून मधे डायोड बसवतात, एकाच दिशेनं सोडणारा.

डबा उघडला तर आत रुई. गिरणीत रुई कुठं शिरत नाही? आपल्या छातीत शिरते, हा तर डबा. ब्रशनं झाडली, रेंजचा स्विच स्पिरिटनं पुसला. एसी अजून शून्य. मग डायोडचा एक पाय डाग वितळवून मोकळा केला आणि त्याच मीटरच्या ओहम रेंजवर तो तपासला. हे मला फार आवडलं: आजाऱ्यानं स्वतःचीच नाडी बघायची. एक ध्यानात ठेवायचं, बहुतेक काट्याच्या मीटरांत ओहमवर असताना काळ्या काडीला सेलचा प्लस येतो, लाल काडीला मायनस. चांगल्या डायोडला काटा एका बाजूनं उठतो, उलट लावला की जवळजवळ पडून राहतो. हा दोन्ही बाजूंनी पडूनच. आतनं तुटलेला.

वायरमन म्हणाले, चार्जरमधला कुठलाही डायोड टाक. तो सिलिकॉनचा. त्याला वाट उघडायला सहा-सात दशांश व्होल्ट लागतात. जुना जर्मेनियमचा, दोन-तीन दशांशात उघडतो. 500 च्या रेंजला हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण 10 च्या रेंजला काटा कमी सांगेल. जर्मेनियम आमच्या घरात होता. बापाचा ट्रान्झिस्टर, माळ्यावर पडलेला, कधीचा मुका. स्टेशनाचा आवाज निवडून काढायला त्यातही असाच डायोड असतो. आईनं विचारलं, "परत वाजंल का?" मी म्हटलं, "न्हाई वाजायचा." ती म्हणाली, "मग ने."

जर्मेनियमला ताप सोसत नाही. पाय चिमट्यात धरून, उष्णता चिमट्यानं प्यावी असा डाग दिला.

दिवसपाळीला दोन्ही मीटर एकाच सॉकेटात. नव्यावर 234, जुन्याचा काटा 230 नि 240 च्या मधोमध. तबकडीवर आरशाची पट्टी आहे. काट्यानं आपलीच सावली झाकली की वाचायचं, तिरकं बघून नाही.

नवं मीटर तरी कुठं साधू आहे? दोन्हीकडनं तुटलेली वायर चालू वायरीच्या शेजारनं गेली, तर ते तिच्यावरही साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकतं, कारण ते लाइनीतनं करंट जवळपास ओढतच नाही. काट्याचं मीटर जरा जास्त ओढतं, तो भुताचा व्होल्ट तिथंच बसतो. एक मेलेल्याला जिवंत म्हणतं, दुसरं बिघडलं की जिवंताला मेलेलं. पहिल्यानं वेळ जातो. दुसऱ्यानं माणूस.

हेल्परला आता सवय लावलीय. आधी चालू सॉकेटवर मीटर बघायचं, मग पॅनलमधल्या बंद लाइनीवर, मग परत चालू सॉकेटवर. तिसऱ्यांदा काटा उठला तरच मधलं शून्य खरं. तो करतो. घाई असली की मुकादम ओरडतो, तरी करतो.

कपाटाची दुसरी चावी करून द्या म्हणून आम्ही दोघांनी सांगितलंय. विचार चालू आहे म्हणतात.